पेटीकडे पाठ

४ फेब्रुवारी

पाणकोंबडे,

वर आशीर्वाद लिहावेत की नमस्कार, ते ठरेना, म्हणून दोन्ही गाळले. बाबांनी ठेवलेलं नाव तेवढं घातलंय. त्याला हरकत असेल तर कळव. त्या निमित्ताने काहीतरी कळवशील तरी.

तुझा पत्ता मला मावसबहिणीने दिलेला नाही. तिला विचारायलाही जाऊ नकोस, बिचारी खोटं बोलताना अडखळते.

बातमी अशी, की लोकांनी हौद पुन्हा सुरू करायचा घाट घातलाय. आपला हौद, हो. काचेच्या छपराखालचा. आता छपरात काच कमी आणि कबुतरं जास्त, आणि तळाशी माझ्या उंचीचं झाड उगवलं होतं. ज्या कारखानदाराने तो कामगारांच्या अंघोळीसाठी आणि पोहण्यासाठी बांधला, त्याचं दारावरचं नाव पार पुसून गेलंय. खालचं ‘सर्वांसाठी’ एवढंच उरलंय. तेवढ्यावर भुलून गल्लीतल्या लोकांनी समिती काढली. नगरपालिकेने इमारत त्यांच्या हवाली केली आणि हात झटकले. मुलांना पोहायला शिकवणार, गुडघेदुखीवाल्यांना पाण्यात चालवणार, बायकांना वेगळी वेळ ठेवणार. ऐकायला फार छान आहे. ऐकायला फार छान असलं की मी आधी पर्स चाचपते.

माझ्या मते यात कुठेतरी पाणी मुरतंय. समितीचे अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले. त्यांना पोहता येत नाही. ज्याला पोहता येत नाही, त्याला हौद कशाला हवा? मी तोंडावर विचारलं. तर हसून म्हणाले, “ताई, येत नाही म्हणूनच हवा.” हे काय उत्तर झालं? उद्या तिथे लग्नाचं कार्यालय उभं राहिलं, तर मी आधीच सांगितलं होतं हे ध्यानात ठेव.

मीही समितीत आहे. आत राहून नजर ठेवलेली बरी. त्यांनी कोठीच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्यात. का, तर म्हणे, “तुम्ही कुणावरच विश्वास ठेवत नाही, तेव्हा तुमच्याकडेच बऱ्या.” मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. इथे अजूनही मला दुर्बीणच म्हणतात. बसमध्ये कंडक्टर म्हणून उभा जन्म गेला. विनातिकीट माणूस मी नुसत्या मानेवरून ओळखायचे. मान जरा जास्तच सरळ असते.

हौद उन्हाळ्यात उघडणार आहे. तू यावंस, यासाठी हे पत्र. त्या पाण्यात तुझ्याइतकं देखणं कुणी पोहलं नाही. हे मी म्हणतेय, म्हणजे बघ. बाबा गेल्यापासून आपण एकमेकींशी बोललेलो नाही, आणि का ते दोघींना ठाऊक आहे. मी फक्त विचारलं होतं, बॅगेत काय आहे. विचारल्याने कुणी मरत नाही. बसमध्ये दिवसभर मी दुसरं काय करायचे?

हौदावर पोरांना पोहायला शिकवताना बाबा वाजवायचे, ती शिट्टी अजून सापडलेली नाही. आरोप करत नाही. माहितीसाठी कळवलं.

तुझी ताई

२१ फेब्रुवारी

पाणकोंबडे,

तुझं उत्तर नाही. पण माझं पत्रही परत आलेलं नाही. म्हणजे पत्ता बरोबर आहे आणि तू ते वाचलंस. कदाचित दोनदा. मी तुला ओळखते.

तर पुढचं ऐक. मासे आठवतात? हौदाच्या आतून, पाण्याच्या रेषेला लागून निळ्या फरश्यांची पट्टी होती, प्रत्येक फरशीवर एक पांढरा मासा, आणि सगळे मासे एकाच दिशेला तोंड करून. “माशांच्या मागून चला रे!” असं बाबा काठावरून ओरडायचे. म्हणून तेवढ्याशा पाण्यात शंभर पोरं असली तरी कुणी कुणावर आदळत नसे. हौद बंद पडला तेव्हा लोकांनी नळ नेले, खणांची दारं नेली, कपडे टांगायच्या खुंट्या नेल्या आणि मासेही उपटून नेले. बाबा दारात उभे राहून बघत होते. एका शब्दाने कुणाला अडवलं नाही. मला तेव्हाही ते कळलं नव्हतं.

आता पट्टीत सगळीकडे भगदाडं आहेत. चार मासे दिसतात, मग नुसता चुना, मग एक मासा, मग पुन्हा चुना. तशा फरश्या घडवणारी भट्टी केव्हाच बंद झाली. आमची इंजिनियरबाई म्हणते, “रिकाम्या जागी साध्या निळ्या लावू, लांबून कळणार नाही.” पाण्यात लांबून कोण बघतं? ती मुलगी हुशार आहे, पण तिची गाडी सतत त्या औषधवाल्यांच्या दुकानासमोर उभी असते. का, ते मी शोधतेय.

औषधवाल्यांनी एक अजब तोडगा काढलाय. ओले टॉवेल टाकायची ती लोखंडी पेटी होती ना, झाकणाची? ती घासूनपुसून दर्शनी ओसरीत ठेवलीय. वर पाटी: ‘हौदाचं काही तुमच्याकडे असेल तर इथे ठेवा. कुणी काही विचारणार नाही.’

मी पोट धरून हसले. चोरीचा माल लोक पाटी वाचून परत आणतात असं यांना वाटतं! शेवटी पेटीच्या खालच्या, माल काढायच्या दाराची किल्लीही माझ्याकडेच आली. म्हटलं ठीक आहे, रिकामी पेटी रोज उघडून बघायला काय जातं.

तुझी ताई

११ मार्च

पाणकोंबडे,

मासे येताहेत.

मी माझ्या हाताने पेटी उघडली म्हणून विश्वास ठेवतेय, नाहीतर ठेवला नसता. पहिल्या दिवशी एक, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला. मग एकदम तीन. एकाच्या पाठीवर कुंडीच्या बुडाचा गोल डाग होता, म्हणजे इतकी वर्षं कुणाच्या तरी गॅलरीत झाडाखाली पडून होता. एक पार तेलकट. एकाला चक्क घासून, पुसून, खोक्यात कापूस घालून ठेवलं होतं. नळ आले, खुंट्या आल्या. एक अख्खं दार ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलेलं सापडलं. दार! ते घेऊन येणारा माणूस कुणालाच कसा दिसला नाही?

सगळे खुशीत आहेत. गवंडी गाणी म्हणत मासे बसवतोय. माझा मात्र जीव थाऱ्यावर नाही. फुकट कुणी काही देत नाही, हे मी बसच्या पायरीवर शिकले. आधी वाटलं, गवंडीच कुठूनतरी नकली करून आणतो. एक मासा घेऊन मी उजेडात तासभर न्याहाळला. खराच आहे. मग वाटलं, औषधवालेच लोकांना आतून काहीतरी देत असतील. गेल्या आठवड्यात त्यांच्या दुकानात गर्दी जरा जास्त होती. पण साथ सुरू आहे म्हणे खोकल्याची.

मला एवढंच जाणून घ्यायचंय की कोण. ज्यांनी नेले ते कोण, ज्यांनी आणले ते कोण. बाबांनी ज्यांना अडवलं नाही ते कोण. माझ्या मनात यादी आहे, आणि ती चुकीची ठरली तर आनंदच आहे.

आज काठाचा लोखंडी कठडा रंगवून झाला. माझ्याकडून नकळत त्यावर बोटांनी दोनदा वाजवलं गेलं. आठवतं ना? बाबा म्हणायचे, शिट्टी पाण्याखाली पोचत नाही, लोखंड पोचतं. आपल्या तिघांचीच खूण: उडी मारण्याआधी कठड्यावर दोनदा वाजवायचं, म्हणजे ‘मी येतेय’. खाली जो असेल त्याने कठड्याच्या पाण्यात उतरलेल्या खांबावर उलट दोनदा वाजवलं, तर ‘ये’. एकदाच वाजवलं तर ‘थांब’. तू खोल बाजूला तळाशी बसून मला मुद्दाम एकदाच वाजवायचीस. सारखं थांब, थांब. तसंही मी कुठे उडी मारणार होते? मी जन्मात कधी कठडा सोडला नाही. पाण्याचा भरवसा काय?

उद्यापासून मी तिकिटाच्या जुन्या खिडकीत बसणार आहे. आतून ओसरी दिसते, ओसरीतून आतलं दिसत नाही. कुणाला सांगितलेलं नाही. तुलाच सांगतेय.

तुझी ताई

१९ मार्च

पाणकोंबडे,

मी एकाला पकडलं. म्हणजे एकीला.

दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खिडकीत बसून माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. तेवढ्यात ओसरीत कुणीतरी काठी टेकत आलं. हातात कापडी पिशवी, मान जास्तच सरळ. पेटीजवळ थांबून दोन्हीकडे बघितलं. मी धाडकन दार उघडून बाहेर आले आणि म्हणाले, “पिशवीत काय आहे?”

त्या आपल्या शाळेतल्या मोठ्या बाई होत्या.

होय, मुख्याध्यापिका. आता खूप थकल्यात, पण बघायची पद्धत तीच. मला वाटलं, हसतील, पिशवी पुढे करतील, म्हणतील हा बघ गं मासा. तसं काही नाही. पिशवीचे बंद आणखी घट्ट धरले. मी पुन्हा म्हटलं, जरा नरमाईने, “नाही, म्हणजे, उघडून दाखवता का? नोंद ठेवायची असते.” कसली नोंद? अशी कुठलीही नोंद नाही. माझ्या तोंडून गेलं.

तर म्हणाल्या, “बहिणीलाही असंच विचारलं होतंस ना? दारात?”

मी म्हटलं, “ते वेगळं होतं.”

“असेल,” म्हणाल्या. मग पिशवी माझ्या पायाशी ठेवली, बंद, आणि काठी टेकत निघून गेल्या. पिशवी न घेताच.

इतकी वर्षं झाली तरी सगळ्या गल्लीला ती गोष्ट ठाऊक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना वाटतं तसं ते नव्हतं. बाबांची शिट्टी कायम खिळ्याला असायची, बाबा गेले त्या आठवड्यात ती नव्हती. घरात आपण दोघीच. तू निघालीस, हातात ती तपकिरी चामड्याची बॅग, बाबांनीच घेऊन दिलेली, पितळी खटक्याची. दारात नातेवाईक उभे. मी विचारलं, बॅगेत काय आहे, उघड. तू बॅग खाली ठेवलीस, माझ्याकडे बघितलंस, पुन्हा उचललीस आणि गेलीस. उघडली नाहीस. ज्याच्याकडे लपवायला काही नसतं तो लगेच उघडून दाखवतो, हे मी हजारदा पाहिलंय. तिकीट असलेला माणूस तिकीट दाखवतो. झालं.

पण मोठ्या बाईंनीही उघडून दाखवली नाही. मी नंतर पिशवी उघडली. आत मासा होता, पोहायच्या जुन्या रबरी टोपीत जपून ठेवलेला. म्हणजे त्या परतच करायला आल्या होत्या. त्यांना दाखवायला काय हरकत होती? ते मला अजून समजत नाही. सारखं डोक्यात फिरतंय.

दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी. आजही रिकामीच.

तुझी ताई

९ एप्रिल

पाणकोंबडे,

पेटी अजून रिकामी आहे. बातमी गल्लीत वणव्यासारखी पसरली: दुर्बीण खिडकीत दबा धरून बसलेली असते. लोक ओसरीसमोरून जातानाही पलीकडच्या फूटपाथवरून जातात. गवंड्याने गाणी बंद केली. त्याचं काम अर्ध्यावर थांबलंय. इंजिनियरबाईने साध्या निळ्या फरश्यांचे नमुने मागवले. मी ते बघितले. अगदी दवाखान्याच्या न्हाणीघरातल्यासारख्या.

काल समितीची बैठक झाली. औषधवाले कधी नव्हे ते चिडले. म्हणाले, “पाटीवर आपण काय लिहिलंय? कुणी काही विचारणार नाही. तुम्ही विचारलंत.” मी म्हटलं, “मी समितीच्याच भल्यासाठी…” तर इंजिनियरबाई म्हणाली, “ताई, प्लीज.” एवढंच. ते ‘प्लीज’ मला जास्त लागलं. तिची गाडी तिथे का उभी असते तेही कळलं. तिची आई वरच्या मजल्यावर राहते. झालं, तो एक धागा सुटला.

मला वाटलं आता किल्ल्या काढून घेणार. मी पर्समधून काढूनही ठेवल्या होत्या. तेवढ्यात दारातून मोठ्या बाई आल्या. कुणी बोलावलं होतं देव जाणे. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “किल्ल्या तिच्याकडेच राहू द्यात. तिला ओसरीतच बसवा. फक्त खुर्ची फिरवा.”

औषधवाल्यांना कळलं नाही. बाई म्हणाल्या, “पेटीकडे पाठ करून बसवा. रोज दुपारी, सगळ्यांच्या देखत. ही बाई बघत नाहीये हे एकदा लोकांच्या डोळ्यांना दिसलं, की दुसरं कुणी बघत असेल अशी शंका कुणाला येणार नाही.”

सगळे हसले. मीही हसले, पण ते हसू कुठल्या कुठे गेलं. माझ्यासारख्या बाईला भिंतीकडे तोंड करून बसवायचं! शाळेत कुणी असं कोपऱ्यात उभं केलं असतं तर बाबा भांडायला गेले असते.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नकोस. पेटी रिकामी बघवत नाही, एवढंच.

तुझी ताई

२ मे

पाणकोंबडे,

रोज चार ते सहा मी ओसरीत बसते. समोर भिंत, नुकता रंग दिलेली. मागे पेटी. भिंतीवर एक पोपडा पुन्हा सुटायला लागलाय, तो गवंड्याला दाखवायचाय.

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. रस्त्यावरून पोरं ओरडून जायची, “दुर्बिणीला शिक्षा! दुर्बिणीला शिक्षा!” मी मान वळवली नाही. मान वळवायची नाही हे केवढं कठीण काम आहे, तुला कल्पना नाही. मानेला रग लागते, कान टवकारले जातात. मागून कुणी शिंकलं तरी शिंक कुणाची ते ओळखायचा मोह होतो. चप्पल वाजली की आतून मन लगेच म्हणतं, हा सायकलवाला, ही शिंपीण. आता मी त्याला गप्प बसवते. म्हणते, काहीही असो, भिंत बघ.

मग एक दिवस मागे झाकण करकरलं. काहीतरी हळूच ठेवलं गेलं. पावलं थांबली. एका बाईने, कुठल्या ते माहीत नाही, हळू आवाजात विचारलं, “बघत नाही ना?” मी म्हटलं, “नाही.” ती म्हणाली, “बरं,” आणि गेली. त्या ‘बरं’मध्ये मला काय मिळालं, ते मला धड सांगता यायचं नाही.

त्यानंतर पुन्हा मासे यायला लागले. गवंडी परत गाऊ लागलाय, अजून तितकाच बेसूर. आता थोडीच भोकं उरलीत. इंजिनियरबाईने नमुन्याच्या फरश्या परत पाठवल्या. हौदात पाणी सोडून बघितलं, गळत नाही. मी गळेल म्हणून पैज लावली होती, हरले.

आणखी एक सांगते. सकाळी पाण्यात कुणी नसताना मी उथळ बाजूला उतरते. औषधवालेही येतात. दोघं कठडा धरून उभे राहतो, ते एका टोकाला, मी दुसऱ्या. एकमेकांकडे बघत नाही. परवा त्यांनी कठडा सोडला. तीन पावलं चालले आणि आनंदाने किंचाळले. मला कसलाही संशय उरला नाही. त्या माणसाला खरंच पोहायला शिकायचंय, दुसरं काही नाही.

भिंतीकडे तोंड करून बसलं की मोठ्या बाईंची ती बंद पिशवी नजरेसमोर येते, आणि मग तुझी बॅग. सारखी एकामागून एक. मला कुणी रस्त्यात थांबवून म्हटलं असतं, पर्स उघड, तर मी उघडली असती का? पर्समध्ये काही नसतानाही? नसती उघडली. त्याला चार शब्द सुनावून निघून गेले असते. तुझ्यासारखीच.

तुझी आठवण येते. हे आधीच्या पत्रांत लिहायचं राहिलं. उत्तर पाठव किंवा नको पाठवूस. चार ते सहा मी इथे आहे, भिंतीकडे तोंड करून.

तुझी ताई

१७ मे

पाणकोंबडे,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. मावसबहिणीकडे देतेय. तू तिच्याकडे उतरली आहेस हे मी शोधून काढलेलं नाही. सकाळी साखर मागायला गेले, तर तिने दारातच सांगितलं, “घरात कु… कुणी नाहीये.” मी काहीच विचारलं नव्हतं. मी “बरं” म्हटलं आणि परत आले.

कालचं सांगते. साडेपाचच्या सुमाराला ओसरीत पावलं आली. माझ्या मनाने नेहमीप्रमाणे ओळखायला सुरुवात केली आणि मी नेहमीप्रमाणे त्याला गप्प केलं. झाकण उघडलं. जड काहीतरी आत गेलं. झाकण मिटलं. आणि मग पेटीच्या लोखंडावर दोनदा वाजलं.

आपल्या दोघींशिवाय ते कुणाला माहीत आहे? बाबा होते, ते गेले.

मला वळायचं होतं. इतकं वळायचं होतं की मी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले. तू म्हातारी झालीस का, केस पांढरे झाले का, अजून तशीच चालतेस का, सगळं एका झटक्यात दिसलं असतं. फक्त मान फिरवायची होती. पण मी सांगितलं होतं की बघणार नाही. पाटीवर लिहिलं होतं. आणि तू, मी बघणार नाही या भरवशावर आली होतीस. आजवर माझ्यावर असा भरवसा कुणी टाकला नव्हता.

मी खुर्चीच्या हातावर, लाकडावर, उलट दोनदा वाजवलं. लाकडाचा आवाज कसा जाईल अशी धाकधूक होती. तू बराच वेळ थांबलीस. मग गेलीस. मी रडले, भिंतीकडे बघत, आणि भिंतीला त्याचं काही वाटलं नाही.

सहा वाजता पेटी उघडली. तीच बॅग. तपकिरी, चामडं काळपट पडलेलं, पितळी खटका घट्ट बंद.

मी ती उघडलेली नाही. उचलली. हलवली, हे कबूल करते, नाहीतर तुझा विश्वास बसणार नाही. आत काहीतरी लहानसं इकडून तिकडे गेलं. शिट्टी असेल. नसेल. रुमालात गुंडाळलेला मासा असेल. मी कानाजवळ नेली, मग खाली ठेवली. रात्रभर ती माझ्या पलंगाशेजारी खुर्चीवर होती आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपले. आता सवय झालीय.

नियमाप्रमाणे पेटीत येईल ते हौदाचं. हा एक नियम मी मोडतेय, समितीला कळलं तरी चालेल. बॅग या पत्रासोबत परत पाठवतेय, जशी होती तशी. आत जे काही आहे ते तुझं आहे. उघड, उघडू नकोस, पाण्यात फेक, मला दाखव, नको दाखवूस. मी विचारणार नाही. पुन्हा कधीच नाही.

रविवारी सकाळी हौद उघडतोय. पट्टीतला शेवटचा मासा गवंड्याने आज बसवला. खोल बाजूला, जिथे तू बसायचीस तिथेच. औषधवाले भाषण करणार आहेत, म्हणून जरा उशिरा आलीस तरी काही बिघडत नाही. मोठ्या बाई बायकांच्या बाजूचं दार उघडून देतील. त्यांनी स्वतःहून ते काम मागून घेतलंय.

मी उथळ पाण्यात असेन, कठड्यापासून लांब, दाराकडे पाठ करून. कठडा धरणार नाही, हे मी सगळ्यांना सांगून बसलेय, तेव्हा बुडाले तर तुझ्या जिवावर बुडेन.

तू आलीस की कठड्यावर दोनदा वाजव. या वेळी मी वळेन.

ताई